सोसणे आणि गप्प राहणे

रुग्णाभ्यंगाचे पवित्र तेल खिशात घेऊन अपरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहण्याचे प्रसंग धर्मगुरूच्या आयुष्यात वारंवार येतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून माझी सेवेची पंधरा-सोळा वर्षे गेली. आपली कुटुंबे येथे थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे एकाच आठवड्यात कधी कऱ्हाडला, कधी मिरजेला, कधी साताऱ्याला धाव घ्यावी लागते. वहाणा बाहेर काढायच्या, हिरवा अंगरखा चढवायचा, तोंडाला पट्टी बांधायची आणि यंत्रांच्या आवाजातून आपल्या माणसाची खाट शोधायची. अशाच एका रात्री जे घडले त्याविषयी लिहावे की लिहू नये, या विचारात बराच काळ गेला. संबंधितांची संमती घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि रुग्णालयाचे नाव सांगण्याचे काही प्रयोजन नाही. पापनिवेदनात ऐकलेले यात अवाक्षरही नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक त्या रात्री अत्यवस्थ झाले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. फुप्फुसांत जंतुसंसर्ग झालेला, घशात नळी, श्वास यंत्राच्या हवाली. साडेनऊच्या सुमारास त्यांच्या मुलाचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा वेळ टळून गेली होती. ‘रक्तदाब एकदम कोसळला होता, आता सावरलाय,’ असे निवासी डॉक्टर म्हणाले. मी गुरुजींच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावले, प्रार्थना म्हटली. खाटेशी उभी असलेली परिचारिका आमच्याच धर्मग्रामातली मुलगी होती. एरवी मला पाहून हसणारी ती पोर त्या रात्री मान वर करीना. तिचे हात थरथरत होते. दमली असेल, अशी मी समजूत करून घेतली.

गुरुजी त्या दुखण्यातून वाचले. आठ-दहा दिवसांनी नळी निघाली, आवाज परत आला, तेव्हा मी भेटीला गेलो. ते देवाचे आभार मानतील असे मला वाटले होते. त्यांनी ते मानलेही. मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, ‘फादर, त्या दोघी माझ्या पायथ्याशी भांडत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं. भांडण माझ्यावरून नव्हतं. पण मला बोट हलवता येत नव्हतं. मरणाची वाटली नाही एवढी त्या दोघींची भीती वाटली.’

हळूहळू सारी हकीकत कळली. त्या संध्याकाळच्या पाळीला एक ज्येष्ठ परिचारिका होत्या. अठ्ठावीस वर्षांची सेवा, कायम नोकरी. त्याही आमच्याच धर्मग्रामातल्या. रविवारच्या मिस्साला पहिले वाचन बहुधा त्याच करतात. रात्रीच्या पाळीला ही मुलगी आली. ती अकरा महिन्यांच्या करारावर होती. त्या दुपारीच दोघींचे नाताळच्या रजेवरून वाजले होते. विभागात ख्रिस्ती दोघीच, आणि सुटी एकीलाच मिळणार होती.

रात्री आठला पाळी बदलते तेव्हा प्रत्येक रुग्णाची सूत्रे दुसरीच्या हाती द्यायची असतात. याला त्या ‘हँडओव्हर’ म्हणतात. खाटेशी उभे राहून, एकेक नळी, एकेक औषध दाखवून, तोंडाने सांगून ते करायचे असते. गुरुजींचा रक्तदाब टिकवून धरणारे औषध सिरिंज पंपातून अगदी मोजक्या गतीने जात होते. सात वाजता डॉक्टरांनी ती गती वाढवली. म्हणजे सिरिंज नेहमीपेक्षा लवकर संपणार होती, आणि दुसरी आधीच भरून तयार ठेवायला हवी होती, कारण या औषधात काही मिनिटांचा खंडही परवडत नाही. बाईंनी गती वाढवल्याची नोंद कागदावर केली, तोंडाने सांगितली नाही. ‘फाईलमध्ये सगळं लिहिलंय. वाचता येतं ना?’ एवढेच बोलून त्या निघाल्या. मुलगीही काही तरी पुटपुटली, त्यावर बाई वळून आणखी बोलल्या. गुरुजींनी ऐकले ते हेच.

मुलीकडे त्या रात्री चार खाटा होत्या. नोंद वाचण्याच्या आत शेजारच्या खाटेवरचा रुग्ण बिघडला. नऊच्या सुमारास पंप ओरडू लागला. औषधाच्या कुप्या नेहमीच्या कपाटात नव्हत्या, आणि कोठे हलवल्या ते तिला ठाऊक नव्हते. बाईंना विचारणे हा सरळ उपाय होता. तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. मागे एकदा असेच विचारले तेव्हा सगळ्यांदेखत तिचा पाणउतारा झाला होता. शेजारच्या विभागातून कुपी येईपर्यंत सहा-सात मिनिटे गेली.

वाचकहो, आता या प्रकरणातला माझा भाग सांगतो. त्याच्या तीनच आठवडे आधी ही मुलगी मला भेटायला आली होती. बाई शिकवत नाहीत, चारचौघांत हिणवतात, कठीण रुग्ण मुद्दाम माझ्या वाट्याला लावतात, असे सांगून ती रडली. मी तिला जे सांगितले ते माझ्या जागी दुसऱ्या कुणा धर्मगुरूनेही कदाचित सांगितले असते. ‘सोस, बाळ. उलट बोलू नकोस. त्या वडीलधाऱ्या आहेत. प्रभूने क्रुसावर काय काय सोसले ते आठव आणि गप्प राहा.’ ती उठून गेली तेव्हा आपण एका जिवाला शांती दिली असे मला वाटले होते.

आणि त्या रात्री तिने माझे ऐकले. ती गप्प राहिली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. सोसणे हा सद्गुण आहे यात शंका नाही. पण प्रत्येक गप्प बसणे म्हणजे सोसणे असते काय?

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्विनास शिकवीत. तरुणपणी ती पाने परीक्षेसाठी पाठ केली. या घटनेनंतर ती पुन्हा उघडली तेव्हा एक गोष्ट नव्याने लक्षात आली. संत थॉमस सहनशीलतेची गणना धैर्याच्या पोटात करतात. दुःखाने खचून जाऊन माणसाने सत्कार्य सोडू नये, यासाठी जे बळ लागते ते म्हणजे सहनशीलता. हे मान्य केले तर भीतीपोटी धरलेल्या मौनाला सहनशीलता म्हणता येणार नाही, कारण त्या मौनाने कार्य टिकत नाही, ते सुटते. त्या मुलीने फोन ठेवला तेव्हा ती सहनशील नव्हती, भ्यालेली होती. आणि त्या भीतीला ख्रिस्ती नाव मी दिले होते. आणखी एक प्रकरण मी विसरलो होतो. बंधुभावाने चूक दाखवून देणे हे प्रेमाचे कृत्य आहे, आणि आदर राखून कनिष्ठानेही वरिष्ठाची चूक दाखवावी, असे संत थॉमस सांगतात. हे सारे तेराव्या शतकात लिहून ठेवलेले आहे. मी मात्र त्या मुलीला फक्त अर्धा धर्म सांगितला.

घरातल्या सासू-सुनेच्या भांडणात मौनाची किंमत त्या दोघी मोजतात. अतिदक्षता विभागाची गोष्ट निराळी आहे. तेथे दोघींच्या मध्ये एक तिसरा माणूस निजलेला असतो. त्याला बोलता येत नाही, कूस बदलता येत नाही, आणि त्याचा श्वास त्या दोघींच्या एकमेकींशी बोलण्यावर चालतो. म्हणून तेथले अबोले हे खाजगी अबोले राहत नाहीत. ही गोष्ट त्या विभागात काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. तरीही अबोले होतात. का होतात, हे समजून घेतल्याशिवाय कोणाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही असे मला वाटते.

मी बाईंना भेटलो. मनात थोडा राग धरूनच गेलो होतो, हे कबूल करतो. त्या प्रथम काही बोलेनात. मग म्हणाल्या, ‘फादर, ती पोर वाईट नाही. पण ही माझी सातवी पोर. एकेकीला धरून शिकवते, मशीन दाखवते, चुका पोटात घालते. हाताशी आली की करार संपतो, नाही तर ती पुण्याला जाते. पुन्हा नवी. शिकवून शिकवून माझी जीभ झिजली. आणि काही चुकलं की सही माझी असते.’ मग गळा दाटून म्हणाल्या, ‘अठ्ठावीस वर्षांत किती नाताळ मी घरी केले, मोजा.’ मी मोजले नाहीत. विचारायचेही धाडस झाले नाही. बाईंचे वागणे योग्य होते असे मी म्हणत नाही. त्यांनीही तसे म्हटले नाही. पण त्या मुलीला हिणवणाऱ्या बाईंच्या मागे सहा रिकाम्या जागा उभ्या होत्या, त्या मला तोवर दिसल्या नव्हत्या.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा आहे की अतिदक्षता विभागात, विशेषतः कृत्रिम श्वासावरच्या रुग्णासाठी, प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी. त्या रात्री त्या मुलीकडे चार रुग्ण होते, आणि ही रात्र अपवादाची नव्हती. त्यातही एकाच खाटेभोवती काम करणाऱ्या मुली एका मापाने मोजल्या जात नाहीत. कोणी कायम, कोणी बंधपत्रित, कोणी करारावर, कोणी ठेकेदारामार्फत आलेली. काम तेच, गणवेश तोच, रात्रपाळी तीच. पगार, रजा आणि उद्याची खात्री मात्र वेगवेगळी. जिची खात्री नाही ती जिची आहे तिच्याकडे पाहते. आणि जिची खात्री आहे ती, हिच्यासारख्या स्वस्तात मिळू लागल्या तर आपली जागा कोण भरणार, या विचाराने हिच्याकडे पाहते. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस राज्यातल्या शासकीय रुग्णालयांतील परिचारिका बेमुदत संपावर गेल्या. बाह्यस्रोतामार्फत होणारी भरती थांबवा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. मागणी न्याय्य होती. पण ठेकेदारामार्फत आलेल्या मुलीच्या कानाला ती कशी लागली असेल, याचाही विचार मनात येतो.

तासगावच्या बाजूला द्राक्षाचे मळे आहेत. छाटणीच्या दिवसांत चौकात मजुरांच्या टोळ्या उभ्या असतात. त्या बाजूने जाताना मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला दाखला आठवला नाही असे कधी होत नाही. पहाटे आलेल्या मजुरांना जेवढे, तेवढेच दिवस कलता आलेल्यांना. पहाटेचे मजूर कुरकुरतात. या दाखल्यावर मी अनेक वर्षे प्रवचन केले, आणि देवाचे औदार्य हाच त्याचा अर्थ आहे, त्यात बदल नाही. पण रुग्णालयातला मळा उलटा आहे. येथे शेवटी आलेलीला सारख्याच तासांचे कमी मिळते, आणि कुरकुर मात्र तरीही तिच्याविरुद्धच होते. दाखल्यातले मजूर निदान मळ्याच्या धन्यापाशी जाऊन बोलले. चुकीचे बोलले, पण योग्य माणसाशी बोलले. आमच्या या दोघींना धनी कधी भेटतच नाही.

मग धनी कोण? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ हे विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी एक फार उपयोगी भेद केला आहे. एक असतो प्रत्यक्ष मालक, ज्याच्याशी कामगार करार करतो. दुसरा अप्रत्यक्ष मालक: ते कायदे, त्या संस्था, ते शासन, ती सगळी व्यवस्था, जी प्रत्यक्ष मालकाने कसे वागावे हे ठरवते. या दुसऱ्या मालकावरही नैतिक जबाबदारी असते, असे पोपमहोदय स्पष्ट सांगतात. त्या मुलीचा प्रत्यक्ष मालक एका कागदावरचे नाव होते. अप्रत्यक्ष मालक तर तिच्या दृष्टीच्या टप्प्यातच नव्हता. तिच्या टप्प्यात होत्या त्या बाई, आणि बाईंच्या टप्प्यात ती. माणूस दिसेल त्याच्याशी भांडतो. जी कुरकुर मंत्रालयाच्या दारात जायला हवी, ती चहाच्या खोलीत कुजबूज होऊन फिरते. या कुजबुजीलाही संत थॉमस यांनी स्वतंत्र पाप मानले आहे. ती दोन मित्रांना एकमेकांपासून तोडते, म्हणून त्यांच्या मते ती साध्या निंदेहूनही वाईट.

दोष वाटला जातो तेव्हा तो कसा वाटला जातो, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. चौकशीनंतर वरिष्ठांपैकी काही निलंबित झाले, एका अधिकाऱ्याची बदली झाली. करारावरच्या दोन परिचारिकांची सेवा संपुष्टात आणली गेली, आणि पुढे गुन्हा नोंदवला गेला तोही दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण दगावले. तेथेही एका परिचारिकेचे निलंबन आणि दोघींची सेवासमाप्ती झाली, आणि एका डॉक्टर महिलेबरोबर या तिघींना अटकही झाली. त्या रात्री, त्या दिवशी कोणाच्या हातून काय चुकले याचा निवाडा मी करू शकत नाही. गेलेल्या जिवांच्या कुटुंबांपुढे तसे करणे शोभणारही नाही. मला फक्त ते दोन शब्द टोचतात: निलंबन आणि सेवासमाप्ती. एका शब्दात परतीची वाट आहे, दुसऱ्यात नाही. एकाच कक्षात, एकाच पाळीत उभ्या असलेल्या दोघींना हे आधीपासून ठाऊक असते. संकटाच्या क्षणी दोघींच्या नशिबी वेगवेगळे शब्द आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी एकमेकींवर पूर्ण विश्वास टाकावा अशी अपेक्षा आपण करतो.

आपण टाळ्याही वाजवल्या होत्या. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आमच्या गल्लीतही थाळ्या वाजल्या. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या एका कुटुंबातील चौघांना कोरोनाची बाधा झाल्याचे कळले आणि सांगली जिल्ह्याचे नाव राज्यभर झाले. मिरजेचे शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखले गेले. त्या काळात आपल्याच धर्मग्रामांतील कित्येक मुली काही महिन्यांच्या कराराने कामावर गेल्या, आठवडे आठवडे घरी आल्या नाहीत. लाट ओसरल्यावर करारही ओसरले. थाळीचा आवाज करारापेक्षा मोठा होता, एवढेच.

ख्रिस्ती वाचकांना या विषयाची आणखी एक बाजू आहे. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उघडले. ते आपल्या प्रेस्बिटेरियन बांधवांचे काम, पण त्या परंपरेचा प्रकाश या सगळ्या भागावर पडला. पुष्कळ घरे आपल्या मुलींना परक्या माणसांची शुश्रूषा करायला पाठवीत नसत, त्या काळात ख्रिस्ती मुली पुढे आल्या. आजही आपल्या कितीतरी घरांत आजी परिचारिका, आई परिचारिका, नात परिचारिका असा वारसा आहे. तेव्हा रुग्णालयातले हे भांडण दुसऱ्या कोणाचे आहे असे समजून आपल्याला बाजूला होता येणार नाही. ‘सिस्टर’ या हाकेमागे धर्मभगिनींची सेवा आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. मग रजेच्या तक्त्यावरून त्याच सिस्टर एकमेकींचे तोंड पाहत नाहीत, याची जबाबदारीही थोडी आपल्याकडे येते.

आणि भाषेवरून होणारी कुचंबणा? २०२१ च्या जून महिन्यात दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात परिचारिकांनी कामाच्या वेळी मल्याळम बोलू नये असे परिपत्रक निघाले, आणि गदारोळ होताच दुसऱ्या दिवशी मागेही घेतले गेले. आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसणाऱ्या केरळच्या मुलींशी आपण मिस्सानंतर किती बोलतो, हे ज्याने त्याने आठवावे.

परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिल्लस यांची तसबीर काही रुग्णालयांत दिसते. १५५० मध्ये इटलीत जन्मलेला हा उंचापुरा सैनिक, जुगारी आणि तापट. पायाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तो रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात आला आणि तेथेच सेवक म्हणून राहिला. पुढे काय झाले ते प्रवचनांतून क्वचितच सांगितले जाते. त्याला तेथून काढून टाकले. कारण जुगार, आणि सहकाऱ्यांशी सतत भांडणे! नंतर त्याचे मनःपरिवर्तन झाले, तो त्याच रुग्णालयात परतला आणि यथावकाश तेथला व्यवस्थापक झाला. त्याने पाहिले की पगारी सेवक रुग्णांकडे दुर्लक्ष करतात. त्यांना सुधारण्याचे उपदेश त्याने किती केले ते मला माहीत नाही, पण १५८२ च्या सुमारास त्याने एक वेगळी गोष्ट मनात धरली: प्रेमापोटी सेवा करणाऱ्यांचा एक संघ उभारावा. म्हणजे त्याने एकेका सेवकाच्या स्वभावावर काम करण्याऐवजी माणसे आणि त्यांची मांडणी बदलली. १९३० मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्याला परिचारिकांचा आश्रयदाता घोषित केले. भांडखोर म्हणून रुग्णालयातून हाकलला गेलेला माणूस ख्रिस्तसभेने परिचारिकांना संरक्षक म्हणून दिला, यात मला मोठा दिलासा वाटतो. ही गोष्ट मी बाईंना सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची कहाणी सर्वांना माहीत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला तेथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्यांची शुश्रूषा के.ई.एम.च्या परिचारिकांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ च्या निकालात त्या परिचारिकांचा गौरव केला. जीवनाच्या पावित्र्यासाठी आपण हे उदाहरण देतो, ते योग्यच आहे. मला त्यातले दुसरे काही दिसते. त्या बेचाळीस वर्षांत त्या रुग्णालयात परिचारिकांच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि निवृत्त झाल्या. अरुणाताईंना उभे पाहिलेली एकही नंतरच्या मुलींत नव्हती. त्यांच्यात हेवेदावे नव्हते, रजेवरून वाद नव्हते, असे कोण म्हणेल? तरी एकीने दुसरीच्या हाती ते काम दिले आणि दुसरीने तिसरीच्या. बेचाळीस वर्षांचा हा एक अखंड हँडओव्हर होता. आणि जेव्हा बोलायचे तेव्हा त्या गप्प राहिल्या नाहीत. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. पुढे महापालिकेने अरुणाताईंना तेथून हलवण्याचा विचार केला तेव्हा त्यांनी विरोध करून तो थांबवला. तो राग योग्य दारी गेला होता.

रुग्णांच्या नातेवाइकांविषयीही बोलले पाहिजे, म्हणजे आपल्याविषयी. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर बसलेले आपण डॉक्टरांसमोर हात जोडतो आणि परिचारिकेवर खेकसतो. बिलाचा राग तिच्यावर, लिफ्ट बंद असल्याचा राग तिच्यावर. गुरुजींच्या मुलाने मला सांगितले की त्या संध्याकाळी साडेसातला तो स्वतः बाईंना वाटेल ते बोलला होता, वडिलांची चादर बदलली नाही म्हणून. आठ वाजता बाईंनी तोंड उघडले ते त्या मुलीवर. मी त्याला काही म्हटले नाही. तो स्वतःच बराच वेळ खाली मान घालून बसला होता.

मी त्या मुलीची क्षमा मागितली. ती गोंधळून गेली, ‘फादर, तुम्ही कशाला?’ म्हणू लागली. मग मी तिला आणि बाईंना एका संध्याकाळी धर्मगुरुनिवासात चहाला बोलावले. तेथे गळाभेट वगैरे काही झाले नाही. मुलगी म्हणाली, ‘बाई, मला येत नाही ते विचारायची भीती वाटते. तेवढी काढा.’ बाईंनी उत्तर दिले नाही. चहा थंड झाला. उठताना बाई म्हणाल्या की नाताळची सुटी तू घे, मी करते ड्यूटी. मुलगी म्हणाली, नको. शेवटी कोणी घेतली ते मी विचारले नाही; मध्यरात्रीच्या मिस्साला दोघीही दिसल्या नाहीत.

उन्हाळ्यात बाई एक दोनशे पानी वही घेऊन आल्या. शुद्धलेखन तपासून हवे होते. कोणते औषध कोठे असते, कोणता पंप केव्हा ओरडतो, कोणाला केव्हा उठवायचे, कोणत्या डॉक्टरांना फोनवर काय आधी सांगायचे, असे सगळे त्यांनी नव्या मुलींसाठी आपल्या वळणदार अक्षरात लिहून काढले होते. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होते: काहीही अडले तर फोन करा. खाली त्यांचा नंबर होता. मी काही ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि वही परत दिली. ती आता त्या विभागाच्या टेबलावर असते. ती मुलगी तेथे नाही. तिचा करार मार्चमध्ये संपला होता.